वाफच ती

लालसिंगकाका आमच्याच तांड्यातला. हळद शिजवायचा कुकर घेऊन तो शेतोशेती फिरतो आणि आम्ही बाया त्याच्यामागं. बॉयलरची वाफ ड्रममध्ये सोडायची, हळद शिजली की वाफ बंद करायची, ती पुरती उतरली की मगच झाकण उघडायचं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण काकाला कायम पुढचं शेत गाठायची घाई.

गेल्या साली साखऱ्याच्या शिवारात मी म्हणाले, "काका, वाफ उतरली न्हाई अजून."

"वाफच ती. आग थोडीच हाय? उघड."

उघडलं. मानेपासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. मी पाणी मागितलं तर म्हणाला, "टाकीतलं पाणी बॉयलरला लागतं." वर बायांसमोर हसला, "लगीन ठरलंय ना हिचं? आधीच हळद लागली."

माझी मान पाहून सोयऱ्यांनी लग्न मोडलं.

ह्या साली मी पुन्हा त्याच्याच टोळीत गेले. आई म्हणाली, लाज न्हाई का तुला. कशाला जाते ते मी तिला सांगितलं नाही. त्याचा हात मला तापल्या झाकणावर धरायचा होता, कातडी सुटेपर्यंत. वर्षभर डोक्यात दुसरं काही नव्हतं.

काल त्यानं नव्या पोरीला, ऐश्वर्याला, हाक मारली. "उघड गं."

ड्रम अजून फुसफुसत होता. माझ्या मानेची भाजकी कातडी आवळली, कुणी मागून चिमटीत धरावी तशी. पोरीला बाजूला ढकललं, काकाचं मनगट पकडलं आणि पंजा झाकणावर दाबला.

"वाफच ती, काका. आग थोडीच हाय?"

तो बकऱ्यासारखा ओरडला. त्याची नाडी माझ्या बोटांखाली उडत होती, आणि पेटली माझी मान, तेव्हा पेटली होती तशीच. बोटं सुटली. मी सोडली नाहीत, सुटली. अजून खूप बाकी होतं. स्वतःच्याच हाताचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

"सोडलंस काहून?" शेजारची भिकाबाई हळूच म्हणाली.

काका खाली बसला. पंजा छातीशी धरून ऐश्वर्याला म्हणाला, "थांब. वाफ उतरू दे." मग माझ्याकडं बघून, "निता, पाणी टाक गं यावर, लेकरा."

बादली माझ्या पायाशीच होती. माझा हात तिकडं निघालाही.

मी तो ओढणीत गुंडाळला, गच्च.

"पाणी बॉयलरला लागतं, काका."