परत केलेली जागा

कॉम्प्युटरच्या पोटात सगळ्यात आत जो गाभा असतो, कर्नल, त्यातली भोकं शोधणं हा तिचा धंदा. माणसं शेजाऱ्यांच्या घरात डोकावतात, ही कर्नलमध्ये डोकावायची. हिला पगार मिळायचा, एवढाच फरक. काम घरूनच. सहकारी सगळे दूरदूरचे, ईमेलमधून भेटणारे. दिवसाकाठी तिच्या तोंडून निघायचं ते खालच्या दुकानदाराला म्हटलेलं ‘पिशवी नको’, बस्स.

त्या आठवड्यात तिला मोठं घबाड सापडलं. कर्नल एखाद्या प्रोग्रामला मेमरीत जागा देतो आणि काम झालं की परत घेऊन दुसऱ्याला देतो. एका ठिकाणी मात्र जुन्या जागेचा पत्ता तसाच जपून ठेवलेला होता, आणि कर्नल बिनधास्त त्याच पत्त्यावर पुन्हा जात होता. तिथे आता कोण राहतंय, याची चौकशीच नाही. एखाद्या लबाडाने त्या रिकाम्या जागेत आपलं बिऱ्हाड थाटलं, तर अख्खं मशीन त्याच्या हातात.

असं काही सापडलं की रीत ठरलेली. दुरुस्ती जगजाहीर होईपर्यंत हाताची घडी, तोंडावर बोट. अशी भोकं गुपचूप बुजवणाऱ्यांचा एक बंद गट होता, तीही त्यात होती; तिने गटाच्या प्रमुखाला कळवलं. त्याला सगळे कुलूपवाले काका म्हणत. काकांनी पाठ थोपटली, दुरुस्तीची तारीख ठरवली आणि भिंतीलाही कान असतात, अशी आठवण करून दिली.

तिच्या भिंतींना कान असते तर बरंच झालं असतं. एवढा आनंद एकटीने पोटात ठेवायचा म्हणजे शिक्षाच. आई होती तेव्हा रोज संध्याकाळी फोनवर सगळं ऐकायची. कळत काडीचं नव्हतं, पण शेवटी न चुकता विचारायची, “मग, बुजवलंस का?” आई गेली, तरी तिच्या नंबरवर निरोप धाडायची सवय काही सुटली नाही. निरोपाखाली एकच खूण उमटायची, म्हणजे पोचला नाही. पुढे पुढे ती खुणा बघेनाशी झाली. या भोकाबद्दलही तिने आईला सविस्तर लिहिलं. मेलेल्या माणसाइतकं गुपित कोण सांभाळणार?

आज सहज तिची नजर गेली. दोन निळ्या खुणा होत्या. निरोप वाचला गेला होता.

टेलिफोन कंपनीने बंद पडलेला नंबर परत घेऊन दुसऱ्याला दिला होता, आणि ही जुना पत्ता धरून तिथेच जात राहिली होती. जगाच्या डोळ्यातलं कुसळ शोधून पोट भरणाऱ्या बाईला स्वतःचं मुसळ दिसलं नव्हतं.

गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. कळवलं तर गट जाणार, आणि गटाखेरीज तिला होतं कोण? ती बराच वेळ खुर्चीत बसून राहिली. मग तिने काकांना फोन लावला.

“कुणाला सांगितलंस?” काकांनी विचारलं.

“आईला.”

“आई तर तुझी...”

“हो.”

काका म्हणाले, “दुरुस्ती आजच बाहेर काढतो. तू मात्र काही दिवस गटात नकोस, पोरी.” त्यांचा आवाज मऊ होता, त्यामुळे जास्तच लागलं.

दुपारी दुरुस्ती बाहेर पडली. जागा परत केली की पत्ताही पुसायचा, एका ओळीचं काम. गटाचं दार तिला बंद झालं. मग तिने त्या नंबरवर लिहिलं, चूक झाली, माफ करा, निरोप पुसून टाका.

थोड्या वेळाने उत्तर आलं. ‘पुसले. नंबर नवा घेतलाय. पहिल्याच दिवशी कळवायला हवं होतं, पण वर आई लिहिलेलं असायचं, धीर झाला नाही.’ आणि खाली आणखी एक ओळ: ‘एक विचारू? ते भोक बुजवलंत का?’

तिला रडू फुटलं. कितीतरी दिवसांनी तिला हे कुणीतरी विचारलं होतं.

‘बुजवलं,’ तिने लिहिलं, आणि मोबाइलमधून आईचा नंबर काढून टाकला. संध्याकाळ झाली तेव्हा तिची बोटं आपसूक तेच आकडे दाबत होती. नंबर तिला पाठ होता.