हलक्या वायूचा ठोका

ठकीच्या बाबांना त्यांच्या गॅस-सिलिंडरच्या गोदामात सगळे समोर ‘मिस्त्री’ म्हणत आणि पाठीमागे ‘तोफ’. आवाजच तसा होता. फाटकापाशी उभे राहून त्यांनी नुसतं “हळू!” म्हटलं, की पार मागच्या भिंतीपाशी सिलिंडर घरंगळवत नेणाऱ्याचे हात जागच्या जागी थांबायचे. गेली दोन वर्षं मात्र ही तोफ ठकीच्या दिशेने एकदाही धडाडली नव्हती. बाबा तिच्याशी बोलतच नव्हते. आणि आता उद्या सकाळी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं.

गळ्यात गाठ झाली होती आणि तिने श्वासनलिका बाहेरून दाबत आणली होती. डॉक्टरीणबाईंनी ठकीला खोलीबाहेर बोलावून सरळच सांगितलं, “गाठ निघेल, त्याची काळजी नको. पण आवाजाची नस तिला चिकटून आहे. ती वाचेलच असं मी म्हणणार नाही. जे काही बोलायचं असेल ते आज बोलून घ्या.”

आता काय सांगायचं त्या बाईंना! बोलून घ्यायला ठकी एका पायावर तयार होती. तिला भाषण नको होतं, आशीर्वाद नको होता, माफी तर नकोच होती. तो आवाज जायच्या आधी त्याने एकदा ‘ठके’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

भांडण झालं होतं ते एका ठोक्यावरून. गोदामात आलेला प्रत्येक सिलिंडर बाबा बोटाच्या पेराने ठोकून बघत. रिकामा असला तर घंटेसारखा लांब वाजतो, भरलेला असला तर ‘ठप्’ करून गप्प बसतो. कार्बन डायऑक्साइड तेवढा वजन करून घ्यायचा, बाकी ऑक्सिजन, नायट्रोजन, वेल्डिंगवाल्यांचा आरगॉन, सगळ्यांचा निकाल बाबांच्या कानात. चाळीस वर्षांत कान चुकला नव्हता. दाब दाखवणाऱ्या काट्याला ते ‘चष्मा’ म्हणत. ज्याला ऐकू येत नाही त्याने तो लावावा.

घरी आले की तोच ठोका ठकीच्या कपाळावर. लहान असताना ती दारातच कपाळ पुढे करून उभी राहायची. बाबा टक्‌ करून पेर मारत, कान जवळ नेत, बराच विचार केल्यासारखं करत आणि गरजत, “रिकामं!” की ही पाय आपटत ओरडणार, “भरलेलं आहे! भरलेलं आहे!” आई आतून म्हणायची, दोघांचीही तपासणी करून घ्या एकदा.

पुढे गोदामाचा कारभार ठकीकडे आला आणि तिने हेलियम ठेवायला सुरुवात केली. पहिल्याच खेपेला नऊ सिलिंडर आले. बाबांनी ठोकले. नऊच्या नऊ घंटेसारखे वाजले. बाबांनी प्रत्येकावर खडूने फुली मारली आणि ‘रिकामे पाठवता काय, लाज नाही वाटत?’ असा निरोप देऊन ते भरणाऱ्या कारखान्याला परत धाडले. तिकडे एका प्रयोगशाळेचं यंत्र हेलियमविना तीन दिवस बंद पडलं. कारखान्यातून फोन आला, अहो, तुम्ही भरलेले सिलिंडर परत केलेत!

ठकीचं डोकं फिरलं. सगळ्या कामगारांसमोर ती म्हणाली, “आजपासून इथे कुणी कानावर जायचं नाही. काटा सांगेल तेच खरं.” आणि तशी पाटीही लावली. बाबांनी पाटी वाचली, खडू खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि घरी निघून गेले. ते पुन्हा गोदामात आले नाहीत. घरातही सगळा कारभार आईमार्फत. एकाच टेबलावर समोरासमोर बसून म्हणायचे, “तुझ्या मुलीला सांग, मीठ इकडे दे.” मुलगी मीठ द्यायची. हट्टीपणात तीही कुठे कमी होती? बापाचीच लेक.

आणि आता त्याच हेलियमवर बाबांचा श्वास चालला होता. सत्तर भाग हेलियम आणि तीस भाग ऑक्सिजन, असं मिश्रण. साधी हवा दाबलेल्या नळीतून जाताना अडखळते, धडपडते. हेलियम इतका हलका की चिंचोळ्या फटीतूनही सुळकन निघून जातो आणि ऑक्सिजनला बरोबर घेऊन जातो. गाठ त्याने बरी होत नाही, पण ऑपरेशनपर्यंतची वेळ निभते. औषधी मिश्रणाचे चार सिलिंडर ठकीने कारखान्यातून स्वतः आणले होते. एकेकाचा काटा दोनदा बघितला होता.

मास्क लावल्यावर पाच मिनिटांत बाबांच्या मानेच्या ताणलेल्या शिरा सैल झाल्या. सिस्टरने विचारलं, “बरं वाटतंय का आजोबा?” बाबा “हो” म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले. मास्कमधून जो आवाज आला तो एखाद्या चिडलेल्या बदकाचा होता. बाबांनी दचकून इकडेतिकडे बघितलं, कोण बोललं म्हणून. मग लक्षात आलं आणि त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. आईने चार गोष्टी विचारल्या, मानेनेच उत्तरं मिळाली. मुळात अबोला, त्यात हा आवाज. आता हा माणूस उद्या सकाळपर्यंत काही बोलत नाही.

दुपारी आई जेवायला खाली गेली. ठकी खुर्चीत बसून काट्याकडे बघत होती. सिलिंडर आत्ताच बदललेला, काटा पार उजवीकडे, म्हणजे पूर्ण भरलेला. बाबांचा डोळा लागलाय असं तिला वाटलं. पण ते जागे होते. त्यांचा हात चादरीखालून हळूच बाहेर आला, खाटेशेजारच्या सिलिंडरपर्यंत पोचला आणि चाळीस वर्षांच्या सवयीने पेर वाजलं.

सिलिंडर घंटेसारखा वाजला. लांब, स्वच्छ.

बाबांचे डोळे मोठे झाले. त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा तेच. ज्या कानावर आयुष्यभर विश्वास ठेवला तो कान त्यांना सांगत होता, की तुझा श्वास संपलाय. त्यांनी ठकीचं मनगट धरलं.

“ठके!” बदक ओरडलं. “ठके, रिकामा आहे हा!”

दोन वर्षांनी ऐकलेली हाक, आणि ती अशी! ठकीने ओठ चावून बघितला, पण नाहीच जमलं. ती फस्सकन हसली. हसताना डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाबा आधी रागावले. “हसतेस काय?” ते म्हणाले, आणि तो रागावलेला बारीक आवाज स्वतःच्याच कानावर पडल्यावर त्यांचंही पोट हलायला लागलं.

“भरलेला आहे बाबा,” ती कशीबशी म्हणाली. “काटा बघा. अहो, ऑक्सिजनला वजन असतं, तो आतून लोखंडाला धरून ठेवतो, म्हणून ठप् वाजतं. यात तो थोडाच आहे, बाकी सगळा हेलियम, आणि त्याला वजनच नाही म्हटलं तरी चालेल. लोखंडाला कळतसुद्धा नाही आत कुणी आहे म्हणून. तुमचा कान चांगलाच आहे. हा वायूच त्याला फसवतो.”

बाबांनी मान वळवून काटा बघितला.

“म्हणजे ते नऊ...”

“भरलेले होते.”

“मग तेव्हाच असं नीट नाही का सांगायचं?”

“सांगायला हवं होतं. चारचौघांत ओरडले. चुकलंच माझं, बाबा.”

“मीही खडू उगाच ठेवला,” बदक म्हणालं. मग मास्क सावरून त्यांनी सांगितलं, “आता गप्प बसतो. सिस्टरला हसायला कारण नको.” पण तिचं मनगट त्यांनी सोडलं नाही.

ऑपरेशन चार तास चाललं. गाठ पूर्ण निघाली. तिसऱ्या दिवशी गळ्यातली नळी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नस दुखावली आहे, सहा महिने वाट बघू, आत्ता काही सांगता येणार नाही.

बाबांनी ठकीला खुणेने जवळ बोलावलं. ती वाकली. त्यांनी हात उचलला आणि तिच्या कपाळावर टक्‌ करून पेर मारलं. सवयीने ती थांबली, आता ‘रिकामं’ येणार म्हणून. बाबांचं तोंड उघडलं. नुसती हवा आली.

त्यांनी एकदा गिळून बघितलं. पुन्हा हवाच.

मग त्यांनी डाव्या हाताने हवेत एक गोल काढला, ताटाएवढा. उजव्या हाताचं बोट त्या गोलात डावीकडे टेकवलं आणि सावकाश उजवीकडे सरकवत नेलं. अर्ध्यावर, पाऊणावर, आणखी पुढे, बोट वळेना तिथपर्यंत. ठकी रडायला लागली तरी त्यांनी तो काटा खाली येऊ दिला नाही.