तळहातावरचा त्रिकोण

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. तुम्ही मला हातात घ्याल, पण पाहाल मात्र माझ्यापलीकडे. भिंगाच्या नशिबी हेच असते आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. आपल्याकडे कोणी पाहू नये, पण आपल्यामुळे कोणाला तरी काही दिसावे, एवढेच मागणे घेऊन मी जन्मले.

माझा जन्म एका काचकारागिराच्या अरुंद खोलीत झाला. ओल्या, बारीक भुकटीवर तो मला दिवसचे दिवस घाशी. प्रत्येक घासण्यागणिक मी थोडे झिजत होते आणि थोडे स्वच्छ होत होते. अखेर त्याने मला पितळी कड्यात बसवले, खिडकीशी धरले आणि स्वतःच्याच अंगठ्यावरच्या रेषा पाहून तो खुदकन हसला. माझी ती पहिली शाबासकी.

तेथून मी एका उद्यानाच्या काचघरात आले. तेथे ऑर्किडे सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. माझी दोरी कायम त्यांच्या गळ्यात असे. फॅलेनोप्सिसवर, म्हणजे दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगासारखी फुले येणाऱ्या ऑर्किडवर, त्यांचा विशेष जीव होता. "उमलल्या दिवशी फुलाला नाव विचारू नये," त्या म्हणत. "तेव्हा ते नव्या पाहुण्यासारखं अवघडलेलं असतं. अंग सैल करू दे, ओठ नीट उघडू दे, मग विचारा." ऑर्किडच्या खालच्या, निराळ्या घडणीच्या पाकळीला ओठ म्हणतात. पांढऱ्या फॅलेनोप्सिसच्या बाकीच्या पाकळ्या सख्ख्या बहिणींसारख्या सारख्याच दिसतात. जात ओळखायची ती मुख्यतः या ओठावरून. त्या ओठावरचे पिवळे उंचवटे, तांबडे ठिपके, टोकाचे दोन नाजूक तंतू हे सारे मी वर्षानुवर्षे बाईंना दाखवले.

मग बाईंचे डोळे हळूहळू मंदावले. समोरचा माणूस त्यांना सावलीसारखा दिसू लागला. मी मेजाच्या खणात गेले. काचघरातल्या दमट हवेने माझ्या कडेला बुरशीचे पांढरे जाळे धरले. मित्रांनो, अंधाराचे दुःख डोळ्यांना असते तसे भिंगालाही असते. फक्त भिंगाला ते बोलून दाखवता येत नाही.

बाईंच्या जागी त्यांचीच भाची आली. मावशी रोज सकाळी तिच्यासोबत येत आणि खुर्चीवर बसून पानांना हात लावून पाहत. त्या खुर्चीजवळ एक जुनी कुंडी होती. तिच्यावरची नावाची चिठ्ठी पाण्याने केव्हाच पुसून गेली होती. तरुणपणी एका डोंगरउतारावर वादळात पडलेल्या झाडाच्या फांदीवरून मावशींनी ते रोप आणले होते. आता त्या उतारावर दगडांची खाण आहे. तिथले जे काही उरले, ते या कुंडीत उरले होते.

एके दिवशी काचघराचे साहेब आले. माणूस सरळ होता, पण जागेच्या अडचणीने त्रासलेला. "मावशी, बिननावाची रोपं आता विक्रीच्या टेबलावर जाणार. याला दांडा आलाय. फूल येऊन जात कळली, तर हे इथंच राहील. माझा शब्द."

"कळेल की! अमाबिलिस आहे ती," मावशी ठासून म्हणाल्या. अमाबिलिस ही पांढऱ्या फॅलेनोप्सिसची एक जात.

"तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण फुलानंही तसं म्हणायला हवं."

भाचीने त्या दांड्याची इतकी काळजी घेतली की विचारू नका. प्रत्येक कळीला सारखे ऊन मिळावे म्हणून ती कुंडी रोज थोडी थोडी फिरवू लागली. उजेडाकडे वळू पाहणाऱ्या कळ्या गोंधळल्या, पिवळ्या पडल्या आणि गळू लागल्या. मावशींच्या बोटांना रिकामे देठ लागले, तेव्हा सारे उघडकीस आले.

"अगं, भोवरा आहे का तो, सारखा फिरवायला?"

"मला वाटलं, एकीला ऊन आणि एकीला सावली, असं नको," भाची रडवेली होऊन म्हणाली.

"मायेनं मारलंस बघ! किती उरल्यात?"

"एकच."

मावशींनी भाचीचा हात धरला. "एक तर एक. आता हात लावू नकोस. आणि खणातलं माझं भिंग काढ."

असे मी पुन्हा उजेडात आले. भाची मला सदऱ्याच्या टोकाने पुसणार, तोच मावशी कडाडल्या, "आधी फुंकर! धूळ घासलीस तर ओरखडे पडतील." फुंकर आली. मग मऊ कापड आले. बुरशी निघाली, तिचा एक फिकट डाग मात्र अजून माझ्या कडेला आहे.

ती एकुलती कळी उमलली. नेमाप्रमाणे कोणी तिला नाव विचारले नाही. फुलाने अंग सैल केले, तेव्हा साहेबही येऊन उभे राहिले. भाचीने मला डोळ्याशी धरले.

"पाकळ्या?" मावशींनी विचारले.

"पांढऱ्या, पातळ. बाजारातल्यांसारख्या जाड, गोल गरगरीत नाहीत."

"म्हणजे रानातलीच. ओठाच्या टोकाला तंतू?"

"दोन. मिशांसारखे वळलेले."

"आता ओठाचा मधला भाग. सांगू नकोस. इथं काढ." मावशींनी तळहात पुढे केला. अमाबिलिसचा तो भाग क्रुसासारखा असतो. त्यांचा तळहात त्या क्रुसाची वाट पाहत होता.

मी भाचीला जे दाखवत होते, तो क्रूस नव्हता. तो रुंद, स्वच्छ त्रिकोण होता. तिचे बोट तळहातावर टेकले आणि थबकले. दोन रेघा एकमेकींवरून ओढल्या असत्या तर मावशी सुखावल्या असत्या. त्यावर माझ्याकडे काही इलाज नव्हता. भिंगाला खोटे दाखवता येत नाही, पण पाहणाऱ्याला खोटे सांगता येते.

बोट हलले. एक बाजू, दुसरी बाजू, आणि मग तिसरी.

"पुन्हा काढ," मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या. पुन्हा त्रिकोणच आला.

"मावशी, मी चुकत असेन..."

"नाही गं. चुकले ती मी. तेव्हा कोमेजलेलं, मिटलेलं फूल पाहून नाव लिहिलं मी, आणि नाव ठाऊक आहे म्हणून पुढं कधी भिंगातून पाहिलंच नाही." आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा लहान मुलीसारखा उजळला. "साहेब, ही अमाबिलिस नाही, अफ्रोडाइटी आहे. अहो, त्या उतारावर हीसुद्धा होती, आणि मला इतकी वर्षं पत्ताच नाही!"

साहेबांनीही माझ्यातून पाहिले. खिशातून कोरी चिठ्ठी काढून त्यांनी मावशींच्या हाती दिली. "तुमच्याच अक्षरात लिहा. राहील ती इथं."

अक्षरे वाकडी आली, पण नाव बरोबर आले.

मित्रांनो, मला पुसण्याआधी फुंकर घालायला विसरू नका. दमट खणात ठेवू नका. आणि एखाद्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, म्हणून त्याच्याकडे पाहणे थांबवू नका. ती कुंडी आता जागची हलत नाही. तिच्यातल्या रोपाच्या बुंध्याशी नवा दांडा डोकावतो आहे. भाची रोज मला घेऊन त्याच्यापाशी जाते, आणि खुर्चीवरच्या मावशी न चुकता तळहात पुढे करतात.