खलाशावरचा आळ

सकाळी गॅलरीचं दार उघडलं की हेतलच्या पायाला आधी ओलं लागायचं, मग वास यायचा, आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "मेल्या, परत केलंस ना! रात्री खाली नेऊन आणलं ते काय हवा खायला?" ज्याच्यावर ही आग पाखडायची तो खलाशी दाराआड कान पाडून बसलेला असायचा. मुकं जनावर ते, उलटून बोलणार थोडंच!

खलाशी हा तिच्या सासऱ्यांचा कुत्रा. सासरे म्हणजे समुद्रकाठच्या नवापूरचे विश्राम तांडेल. उभी हयात त्यांनी बोट चालवली. तांडेल हा बोटीचा मुख्य, समुद्रात त्याचा शब्द शेवटचा. हा कुत्रा पिल्लू असताना एकदा बोटीवर चढला आणि काही केल्या उतरेना, म्हणून पोरांनी त्याचं नाव खलाशी ठेवलं. पुढे सासूबाई गेल्या, तांडेलांचे गुडघे गेले, आणि तिच्या नवऱ्याने, भावेशने, बापाला बोईसरला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांत आणलं. म्हाताऱ्याने एकच अट घातली होती. खलाशी येत असेल तरच मी येतो.

पहिले काही महिने बरे गेले. मग हे गॅलरीचं प्रकरण सुरू झालं, आणि त्याच्या जोडीला दुसरं. एखाद्या सकाळी घराच्या दाराची कडी उघडी सापडायची. वॉचमन सांगायचा, "भाभी, आपका कुत्ता रात को गेट पे घूम रहा था." भावेशची तेव्हा नेमकी तिसरी पाळी असायची. रात्रभर कारखान्यात राबून, शिफ्टच्या बसमधून डोळे चोळत घरी यायचा, आणि आल्या आल्या हे ऐकून भडकायचा. "कडी लावायला विसरतेस कशी तू? पोरखेळ हाय का?" हेतल शपथेवर सांगायची की आपण कडी लावली होती. पण उघडी कडी डोळ्यांसमोर असताना शपथेला कोण विचारतो!

तिने करायचं काही बाकी ठेवलं नाही. संध्याकाळनंतर कुत्र्याचं पाणी बंद केलं. जेवणं झाली की त्याला खाली न्यायची, विजेच्या खांबापाशी त्याचं उरकेपर्यंत डास मारत उभी राहायची. खलाशी शहाण्यासारखं सगळं तिथे करायचा. गॅलरी फिनेलने घासून घासून तिची बोटं सोलली. तरी सकाळी ओलं ते ओलंच!

एकदा ती अशीच बडबडत पुसत होती, तेव्हा तांडेल चहाचा कप हातात धरून हळूच म्हणाले, "बोटीवर रातरात डोल जाळं लावून बसायचो आमी. पर यानं कदी फळीवर थेंब नाय सांडला. किनारा लागेपर्यंत दम धरायचा."

"म्हातारपण कुत्र्यालापण येतं, बाबा," ती फटकन बोलून गेली.

तांडेल कप तसाच ठेवून मोरीत गेले आणि आपली लुंगी धुवायला बसले. ही एक नवीनच खोड लागली होती त्यांना. सून असताना सकाळी उठून स्वतःची लुंगी स्वतः धुवायची. "द्या इकडे, मी धुते," म्हटलं तर, "माजं मी करतो," एवढंच उत्तर.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या चंद्रकांताताई वर आल्या. नाशिककडची बाई, नवरा भावेशसारखाच कारखान्यात. तशी वाईट नव्हती, पण आता तिचाही जीव मेटाकुटीला आला होता. "हेतल, तुमच्या सुकटीच्या वासाला मी कधी नाक मुरडलं का? पण दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर वरून हे ठिबकायचं म्हणजे काय गं? काल देवाचं वस्त्र होतं तिथे." हेतल शरमेने अर्धमेली झाली. भावेशने त्याच दिवशी ठरवून टाकलं. त्याचा चुलतभाऊ दर्पण रविवारी मासळीचा टेम्पो घेऊन नवापूरहून बोईसरच्या बाजारात येतो, परत जाताना तो खलाशाला घेऊन जाईल. तांडेलांना सांगितलं. त्या दिवशी दोघांनीही ताटाला तोंड लावलं नाही, बापानेही आणि कुत्र्यानेही.

शनिवारी रात्री हेतलने खलाशाला आपल्या खाटेच्या पायाला बांधलं. शेवटची रात्र आहे, निदान आज तरी बोल लागायला नको, एवढंच तिच्या मनात होतं.

अपरात्री ती दचकून उठली. खलाशी साखळी ताणून कण्हत होता. गॅलरीचं दार उघडं होतं. बाहेर तांडेल उभे होते, पाय फाकवून, बोट डुलत असल्यासारखे अंग सावरत. एका हाताने त्यांनी वरची कपड्यांची दोरी घट्ट पकडली होती, आणि कठड्याला टेकून, बोटीच्या काठावरून पुरुष माणसं करतात तशी, ते लघवी करत होते. अर्धी कठड्यापलीकडे जात होती, अर्धी त्यांच्या लुंगीवर आणि फरशीवर.

"जिवल्या, ऊठ रे," ते म्हणाले. "पाणी फिरलं, ओहोटी लागली."

जिवल्या त्यांचा जुना जोडीदार. त्याला जाऊन कितीतरी पावसाळे झाले होते.

हेतल खाटेवरून उतरून दारापाशी आली. तांडेल वळले, तिच्या अंगावरून, ती जणू तिथे नाहीच असे गेले, आणि दाराची कडी काढून जिना उतरू लागले. तेव्हा तिला भान आलं. तिने घाईघाईने साखळी सोडली. खलाशी असा सुटला की दोन जिन्यांत त्याने म्हाताऱ्याला गाठलं आणि पुढे झाला. एक एक पायरी उतरायचा, थांबायचा, मागे बघायचा. ती अनवाणी मागून गेली. गेटपाशी तांडेल तारापूरच्या रस्त्याकडे वळले. तिकडेच समुद्र. खलाशी त्यांच्या गुडघ्यांना आडवा उभा राहिला. ते बाजूने जायला बघत, तो पुन्हा आडवा. रस्त्यावरून एक टँकर धडधडत गेला. तेव्हा खलाशाने लुंगीचा सोगा दातांत धरला आणि घराकडे ओढायला लागला, जोराने नाही, जरा जरासा, सवयीचं काम असावं तसा. तांडेल थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बरं, चल. आज भांगाची भरती दिसते, पाण्याला जोर नाय." आणि त्याच्या मागून मुकाट्याने जिना चढून आपल्या अंथरुणावर जाऊन पडले.

हेतल कडीला हात लावून तशीच बसून राहिली. आई गं! रोज सकाळी आपण ज्याला शिव्या घातल्या त्याने तर घरातलं माणूस राखलं. आणि त्या शिव्या खरं तर ज्यांना लागत होत्या ते बाबा बाजूलाच चहा पीत बसलेले असायचे. तो फटकन मारलेला टोमणा आठवून तिला स्वतःची लाज वाटली. ती तोंडात पदर कोंबून रडली.

उजाडेपर्यंत तिने ठरवलं. भावेशला एकट्याला गाठून सांगायचं, बाकी कुणाला नाही. ज्या माणसाच्या शब्दावर जाळी पडायची आणि निघायची, त्याचं हे बिल्डिंगभर व्हायला नको. पण एकट्याला गाठायचं कुठून! भावेश पाळीवरून आला तोच खाली दर्पणच्या टेम्पोचा हॉर्न वाजला, आणि मागोमाग चंद्रकांताताई दारात.

"अहो, त्याला नका नेऊ," हेतल भावेशला म्हणाली. "मी गॅलरीला ताडपत्री बांधते. माझंच चुकलं."

"तुजं काय चुकलं? आज केलं का नाय त्यानं?"

गॅलरी अजून ओलीच होती. हेतलने सासऱ्यांकडे बघितलं. ते भिंतीशी बसले होते, मांडीवर धुतलेल्या लुंगीचा पिळा.

"केलं," ती म्हणाली. "खलाशानेच केलं."

"मंग संपलं," म्हणत भावेशने साखळी हाताला गुंडाळली. खलाशी उठला नाही. तांडेलांच्या पायांवर हनुवटी टेकून तसाच पडून राहिला. भावेशने ओढलं तेव्हा त्याची नखं फरशीवर खरखरली.

"भावेश." तांडेल भिंत धरून उभे राहिले. आवाज बोटीवरचा होता. "बोटीवर काय चुकलं, तर नाव कुणाचं लागतं?"

भावेश गोंधळला. लहानपणी हे त्याने बापाच्याच तोंडून ऐकलं होतं. "तांडेलाचं."

"मंग खलाशाला काय म्हणून उतरवतोस?"

हेतल पुढे झाली, "बाबा, राहू द्या," म्हणाली, पण त्यांनी हाताने तिला थांबवलं.

"ते मी करतो. रातचा उठतो, मला वाटतं बोटीवरच हाय. सकाळी लुंगी ओली लागते तवा कळतं." ते चंद्रकांताताईंकडे वळले. "तुमच्या देवाचं वस्तर माज्यानं बाटलं, बाय. या मुक्याला बोल लागत व्हता आनि मी ऐकत बसलो. तांडेलाला हे शोभत नाय."

चंद्रकांताताईंनी डोळ्यांना पदर लावला. "काका, कपड्यांचं काय एवढं," असं काहीतरी पुटपुटत त्या खाली गेल्या. भावेशच्या हातातून साखळी गळून पडली. तो बापासमोर फरशीवर बसला आणि त्यांचे गुडघे धरून लहान पोरासारखा रडायला लागला. खाली दर्पण हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला आणि निघून गेला.

त्या रात्रीपासून खलाशाला कुणी बांधलं नाही. हेतलने दाराला वर एक बोल्ट बसवून घेतला, आणि गॅलरीत कठड्याशी, तांडेल उभे राहतात तिथेच, एक बादली ठेवली. तिने अंथरूण घातलं तेव्हा तांडेल खिडकीतून अंधारात बघत होते.

"पोरी, आज पाणी कदी फिरल?"

ती बोटवाल्याचीच लेक. मनात तिथ मोजून भरती-ओहोटीची वेळ काढली, खोटं सांगितलं नाही. "पहाटेला, बाबा. तुम्ही झोपा. खलाशी उठवेल तुम्हाला."

"तो उठवेलच," तांडेल म्हणाले, आणि आडवे झाले. खलाशी त्यांच्या पायाशी दाराकडे तोंड करून बसला.