सोमवारची गाडी

रुपचंदने पेचकसाची मूठ कानाला लावली आणि टोक नव्या गाडीच्या इंजिनावर टेकवलं. सोनगीरच्या हायवेवर चाळीस वर्षं तो असाच गाड्यांच्या पोटातलं ऐकत आला होता. हे इंजिन मात्र बोलायलाच तयार नव्हतं.

"इंजिनमा काई नई शे, आबा."

"मंग आवाज कसाना येस?" बाकावरून चुडामणआबांनी विचारलं.

आवाज येतो, एवढ्यानंच रुपचंदला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. गेले आठ महिने तो या पांढऱ्या गाडीवर जळत होता. सवतीवर जळावं तसं गाडीवर जळणं साठीच्या माणसाला शोभत नाही, पण जळत होता खरा. आबांची जुनी जीप होती तेव्हा दर सोमवारी धुळ्याला जाताना ती त्याच्या दारात थांबायचीच. कधी स्प्रिंगचा पाटा तुटलेला, कधी सेल्फ रुसलेला, काहीच नसलं तर रेडिएटरला पाणी. तेवढ्यात दोन-दोन चहा व्हायचे, कापसाचा विषय निघायचा, सुनांची गाऱ्हाणी व्हायची. बायको, सुंदरबाई, गेली तेव्हा रुपचंद रडला तो त्या जीपखाली आडवा पडून. आबा चाकाशी बसून त्याला नुसते पान्हे देत राहिले होते.

मग ही आली. हिला पाणी लागत नाही, ग्रीस लागत नाही, वर्षातून एकदा धुळ्याच्या शोरूमला जाऊन आली की झालं. जीप भंगारात दिली तेही आबांनी सांगितलं नव्हतं. दर सोमवारी पांढरी गाडी समोरून सुळकन निघून जायची आणि रुपचंद तिला मनातल्या मनात शिव्या घालायचा. एकदा तर त्यानं एकवीरेला नारळही कबूल केला होता, हिचं काहीतरी बिघडू दे म्हणून.

"शोरूमवाला काय म्हनतस?"

"तठे मी गवूच नई. त्यासले काय समजस?"

रुपचंद सुखावला. "चाक फिरस तवयच येस का?"

"हां. मांगलं, डावं."

त्यानं जॅक लावला आणि चाक फिरवलं. खडखडाट झाला. मग चाकावरचं प्लास्टिकचं झाकण उचकटलं, तर त्याच्या तळहातावर एक गंजका नट पडला.

नटावर लोखंडी पंच ठोकून पाडलेले तीन ठिपके होते. ती रुपचंदची खूण. दुसऱ्या गॅरेजात कोणी अदलाबदल करू नये म्हणून जीपच्या चाकांच्या सगळ्या नटांवर ती त्यानं स्वतः ठोकली होती. जीप भंगारात गेली होती आणि तिचा नट या झाकणात आपल्या पायानं चालत आला नव्हता.

त्यानं मान वर केली नाही. बाकावर आबा टोपी काढून झटकत होते. टोपी स्वच्छच होती.

"सापडनं का रे काई?"

रुपचंदनं नट परत आत टाकला आणि बुक्की मारून झाकण घट्ट बसवलं.

"नई ना, आबा. हाई एक खेपमा सापडाव नई. पुढला सोमवारले गाडी लई या."

"येसू ना," आबा लगेच म्हणाले.

रुपचंदनं हात पुसले आणि समोरच्या टपरीकडे बघून दोन बोटं वर केली.