अकरा खोट्या हाका

मी हृदयाचे ठोके पोचवणारी डबी बोलतेय. मुठीत मावेन एवढीच आहे मी. रुग्णाच्या गळ्यात मला अडकवतात, वायरी छातीवरच्या चिकटपट्ट्यांना जोडतात, आणि त्याच्या ठोक्यांची रेघ मी दोन मजले खालच्या खोलीतल्या पडद्यावर धाडते. तिथे एक ताई एकटीच छत्तीस रेघा बघत बसते.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, आपण माणसं वाचवणार. इथे आले तर बहुतेक वेळा उगाचच ओरडत होते. कुणी कूस बदलली, कुणाला घाम आला, की खालच्या खोलीत माझी बोंब सुरू. त्यात मला कुणाच्याही गळ्यात घालायचे. "असू दे, लावून ठेवा," म्हणायचे डॉक्टर. काढायची आठवण मात्र कुणालाच नसायची.

एकदा छातीत कळ आली म्हणून एक शिंपीकाका दाखल झाले. माझी दोरी बघून म्हणाले, "ही गाठ आहे का काय? माझ्या दुकानात असती तर उसवायला लावली असती." मग स्वतःच नीट बांधली. काकू तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या दिवशी पट्ट्या काही टिकेनात. दुपारपर्यंत मी अकरा वेळा ओरडले. अकराही वेळा खोटं. दर वेळी खालून ताईचा फोन, वर सिस्टरची धावपळ. "बाई गं, जीव घेतेस का आता?" सिस्टर मला म्हणाली.

दोन वाजता पाळी बदलत होती. काका न्हाणीघराच्या दाराशी पोचले आणि त्यांच्या काळजाने एकदम ताल सोडला. मी ओरडले. ताईने फोन लावला. तो वाजतच राहिला. सगळ्या सिस्टर एकमेकींना कामं समजावण्यात गुंतलेल्या. "पट्टीच सुटली असेल परत," असं पुटपुटत ताई दुसऱ्या रेघेकडे वळली. चार मिनिटांनी काकूंची किंकाळी ऐकून सगळ्या धावल्या.

काका वाचले नाहीत.

चौकशीत मला टेबलावर ठेवलं. "यंत्रात बिघाड नाही," तंत्रज्ञ म्हणाला. मला कुणी बोल लावला नाही, तेच जास्त लागलं.

"मी उठून धावायला हवं होतं," ताई रडत होती.

"कुणी धावायचं, हे तुला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि कागद ओढून नवे नियम लिहायला बसल्या.

तीन आठवडे वाद झाले. "लिहायला काय जातंय? माणसं कुठून आणायची?" डॉक्टर वैतागले. मोठ्या सिस्टर हटल्या नाहीत. आता गरज असेल त्यालाच मला लावतात आणि ती गरज रोज सकाळी तपासतात. पट्ट्या रोज नव्या. पाळी बदलताना एक सिस्टर फोनजवळच. अर्ध्या मिनिटात फोन उचलला गेला नाही, तर ताई स्पीकरवरून सगळ्या मजल्यांवर ऐकू जाईल अशी हाक देते.

आज मी एका निवृत्त शिक्षिकेच्या गळ्यात आहे. सकाळीच एकदा खोटं ओरडले. सिस्टर धापा टाकत आली, पट्टी बदलून गेली, रागावली नाही. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पुन्हा चुकेन. तरी या. खऱ्या आणि खोट्या हाकेसाठी माझ्याकडे आवाज एकच आहे.