माझ्या कड्यावरच्या तीन तारखा

घड्याळाच्या दुकानात, भिंगाशेजारी हा गंजका लोखंडी तुकडा कशाला ठेवला आहे, असे नवे गिऱ्हाईक हमखास विचारते. मित्रांनो, तो तुकडा म्हणजे मी. मी एक जुना सायलेन्सर आहे. खरे तर आता माझे पुढचे कडे तेवढे उरले आहे. बाकीचा मी केव्हाच भंगारात गेलो. पण झाले-गेले सगळे मला आठवते, म्हणून सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा वाकवून डबा केला, आत भोकाभोकांच्या नळ्या बसवल्या, पुढे एक लांब नळी जोडली आणि नळीच्या टोकाला हे जाड कडे लावले. कड्याला तीन भोके आहेत. त्यांतून तीन बोल्ट घालून मला मोटारीच्या इंजिनाला जोडतात. इंजिनाचा आवाज गिळायचा आणि त्याचा धूर गाडीच्या मागे नेऊन सोडायचा, हे माझे काम. आवाजाचे लोकांना चटकन कळते. धुराकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. त्या धुरात एक वायू असतो, त्याला रंगही नाही आणि वासही नाही. बंद जागेत तो माणसाला गुपचूप झोपवतो.

काही महिने मी सुट्या भागांच्या दुकानात फळीवर धूळ खात पडलो होतो. माझे भाऊबंद एकेक करून गॅरेजात गेले. मला मात्र एक चष्मेवाले गृहस्थ स्वतः न्यायला आले. ते घड्याळे दुरुस्त करायचे.

"बसवून कुठं घेणार?" दुकानदाराने विचारले.

"बसवून कशाला घ्यायचं? केसाएवढी स्प्रिंग बसवतो मी. हे तर तीन बोल्ट आहेत."

"गॅरेजात तासाभराचं काम आहे, साहेब."

"मग घरी दोन तास लागतील," ते म्हणाले आणि मला काखोटीला मारून निघाले.

दोन तास नाही, दोन दिवस लागले. जुन्या सायलेन्सरचे बोल्ट गंजाने असे धरले होते की रात्रभर तेलात भिजवावे लागले. घड्याळवाले अंगणात गाडीखाली आडवे पडले होते. गंजाची पूड त्यांच्या चष्म्यावर पडत होती आणि ते शिंकत होते. निघालेला प्रत्येक नट त्यांनी घड्याळाच्या सुट्या भागांच्या ट्रेमध्ये, वेगवेगळ्या कप्प्यात, चिठ्ठी लावून ठेवला. त्यांची बायको शाळेत शिकवायची. तिला सगळे बाई म्हणत. बाई दोनदा चहा घेऊन आल्या.

"अहो, गॅरेजात टाकली असती तर एव्हाना परत आली असती."

"आली असती. पण आत काय केलंय ते आपल्याला कळलं असतं का?"

मला हे ऐकून बरे वाटले. एवढ्या निगुतीने गॅरेजातही कोणी मला हात लावला नसता. माझे कडे आणि इंजिन यांच्यामध्ये फट बुजवणारी नवी गॅस्केटची चकती घालून त्यांनी बोल्ट लावले. मग पान्हा तीन बोटांत धरून हलकेच आवळला आणि लगेच थांबले. "पुरे," ते म्हणाले. "उद्या उघडता आलं पाहिजे." घड्याळाच्या धंद्यात हाच रिवाज असतो. जास्त पिळले की बारीक आटे जातात. चाळीस वर्षे त्यांच्या बोटांना एवढाच जोर ठाऊक होता.

शेवटी त्यांनी खिळ्याने माझ्या कड्यावर त्या दिवसाची तारीख कोरली. घड्याळ दुरुस्त केले की झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख कोरायची त्यांची सवय होती, म्हणजे पुढे उघडणाऱ्याला कळते. गाडी सुरू केली. काही आवाज नाही. महिनाभर ते येईल त्या गिऱ्हाइकाला माझे गुणगान ऐकवत होते, आणि मीही फुशारून गेलो होतो.

मित्रांनो, लोखंड तापले की फुगते आणि निवले की आक्रसते. रोजच्या येण्याजाण्यात माझे बोल्ट कणाकणाने सैल होत गेले. चकतीच्या कडेने धूर बाहेर फुसफुसू लागला आणि टिक, टिक, टिक असा बारीक आवाज येऊ लागला. मला वाटले, आता हे खाली उतरतील आणि बॉनेट उघडतील. पण त्यांना काहीच ऐकू आले नाही. दिवसभर ज्याच्या चारी भिंतींवर घड्याळे चालतात त्याला एका टिकटिकीचे काय?

गारठा पडला. काचा बंद झाल्या, हीटर सुरू झाला. बॉनेटखालचा धूर हीटरच्या वाटेने आत जाऊ लागला. शाळेतून परतताना बाईंचे डोके दुखायचे. त्यांनी चष्म्याचा नंबर बदलून घेतला. घड्याळवाल्यांचेही डोके जड व्हायचे, त्याचा ठपका त्यांनी भिंगावर ठेवला. मी बिनतोंडाचा. मला जेवढे येत होते तेवढे मी करत होतो, म्हणजे टिकटिक.

एका संध्याकाळी ते बाईंना घेऊन घरी निघाले होते. वाटेत दुकानापाशी थांबले. "पाच मिनिटं. एक घड्याळ द्यायचंय," ते म्हणाले. थंडी होती म्हणून गाडी चालूच ठेवली. पाचाची वीस मिनिटे झाली. बाईंनी डोके काचेला टेकले. मग त्यांच्या मांडीवरचा वह्यांचा गठ्ठा खाली घसरला आणि त्यांनी तो उचलला नाही. त्या वीस मिनिटांची लाज मला अजून वाटते.

ते परत आले तेव्हा बाई हाकेला ओ देत नव्हत्या. घड्याळवाल्यांनी दार उघडून त्यांना बाहेर ओढले, शेजारच्या दुकानदाराने आपली गाडी काढली. पुढचे मी नंतर इथे टेबलावर बसून ऐकले. डॉक्टरांनी बाईंना प्राणवायू लावला आणि विचारले, "गाडीचं काही काम केलंय का इतक्यात?"

"केलंय."

"कोणी?"

"मी," घड्याळवाले म्हणाले.

बाई वाचल्या. तिसऱ्या दिवशी घरी आल्या. गाडी मात्र सुरू न करता, ढकलत गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीने दारे-खिडक्या उघडून इंजिन चालू केले.

"काका, ऐकू येतंय?"

"काय?"

"टिकटिक."

ते बराच वेळ कान देऊन उभे राहिले. "नाही रे. टिकटिक बंद पडली की मला ऐकू येते. चालू असली की नाही येत."

मिस्त्रीने मला निवू दिले आणि माझ्या कड्याभोवती जमलेली काजळी दाखवली. "बोटांनी आवळलंय हे. इथं दंडातला जोर लागतो. आणि एकदा तापून निवलं की पुन्हा आवळायचं असतं." मग तो म्हणाला, "मी माझं घड्याळ चाकूनं उघडून बसलो होतो, तेव्हा तुम्ही मला काय म्हणालात?"

"म्हणालो, आधी विचारायचं होतंस."

"मग?"

घड्याळवाल्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मिस्त्रीने नवी चकती घातली आणि पान्हा त्यांच्याच हातात दिला. "तुम्हीच आवळा. थांबायचं कधी ते मी सांगतो." ते दोनदा थांबले, आणि दोन्ही वेळा मिस्त्री म्हणाला, "अजून." तिसऱ्यांदा मला चांगलेच दुखले, पण धूर बंद झाला. मग त्यांनी खिळा मागून घेतला.

त्यानंतर मी नऊ वर्षे चाललो. रोज सकाळी ते काचा उघडून गाडी सुरू करायचे आणि बाई बॉनेटवर वाकून उभ्या राहायच्या.

"येतेय का?"

"नाही येत."

"नीट ऐक."

"अहो, नाही येत. शाळेला उशीर होतोय."

शेवटी माझा पत्रा गंजून खपली खपली निघू लागला. माझ्या जागी आलेला सायलेन्सरही घड्याळवाल्यांनीच बसवला, पण मिस्त्रीला शेजारी उभे करून, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर पुन्हा आवळून. मला भंगारात टाकताना त्यांनी हे कडे कापून घेतले.

मित्रांनो, काम घरी करा की पैसे देऊन करून घ्या, मला दोन्ही सारखेच. माझी विनंती एवढीच आहे की काम झाल्यावर एकदा दुसऱ्याला दाखवा. जे तुमच्या कानाला ऐकू येत नाही, ते त्याला येत असेल.

माझ्या कड्यावर आता तीन तारखा आहेत. पहिली बसवल्याची, शेवटची काढल्याची. त्या दोन्ही पुसट होत चालल्या आहेत. मधली मात्र त्यांनी सगळा जोर लावून कोरली आहे.